आलीदाच्या नावाचा पुडा

१

रूथ बूर्समा वाचली, हे ऑस्टरबर्ग गावाचं नशीब.

रविवारी दुपारी चर्चमधून घरी येऊन तिने कपात कॉफी ओतली, पवनचक्कीच्या आकाराचं एक बिस्किट कॉफीत बुडवून खाल्लं, आणि दुसऱ्याला हात घालायच्या आतच तिचे ओठ टम्म सुजले. घसा आवळत गेला. पर्समधली औषधाची सुई तिने स्वतःच मांडीत टोचली, शेजारच्यांची खिडकी बडवली आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. रुग्णवाहिका आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. बोटाने ती नुसती आपल्या स्वयंपाकघराकडे दाखवत होती.

तीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या रूथला बदाम-अक्रोड चालत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो पुडा तिला आदल्या संध्याकाळी अग्निशामक दलाच्या जेवणात सोडतीत लागलेल्या टोपलीतून मिळाला होता. आरोग्य खात्याच्या माणसाने पुडा उचलून नेला, आणि मंगळवारी निकाल आला. बिस्किटांत बदामाचं पीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं सढळ हाताने घातलेलं.

आणि पुड्यावर नाव होतं आलीदा हूकस्ट्राचं. खाली जाड अक्षरांत कायद्याने घालायला लावलेली ओळ होती, की हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात केलेला आहे आणि त्या स्वयंपाकघराची सरकारी तपासणी झालेली नाही. त्याच्याही खाली आलीदाने स्वतःच्या हौसेने घातलेली ओळ होती: ‘या घरात बदाम, अक्रोड किंवा कोणताही सुका मेवा येत नाही.’

बुधवारी सकाळी आठ वाजता हार्मेन टेर्पस्ट्राच्या दारावर थाप पडली. हार्मेन सत्तरीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला गृहस्थ. चौतीस वर्षं तो जिल्ह्याचा वजन-मापे निरीक्षक होता. पेट्रोल पंपांचे लिटर आणि खाटकांचे काटे तपासण्यात त्याची उमर गेली. निवृत्तीनंतरही न्याहारी करताना तो दलियाच्या खोक्यावरचं लेबल वाचल्याशिवाय चमचा उचलत नसे.

दारात आलीदा उभी होती. अंगात घरचाच अ‍ॅप्रन. आयुष्यात कधी ती अ‍ॅप्रन घालून रस्त्यावर आली नव्हती.

“हार्मेन, शनिवारी बाजारात टेबल लावू नकोस म्हणून ट्रेंटचा फोन आला. शुक्रवारी बाजाराची समिती बसणार आणि माझं नाव कायमचं खोडणार.”

“आत ये. बस आधी.”

“बसायला नाही आले मी.” तिचा आवाज फाटला. “टेबल गेलं तर गेलं. पण रूथ माझा फोन घेत नाही रे. तीन दिवस झाले. तिच्यासाठीच मी माझ्या घरातून बदाम हद्दपार केला. अकरा वर्षं झाली. आणि आता तिला वाटतंय की मी...”

पुढचं तिच्याने बोलवेना. हार्मेनने खुंटीवरची टोपी काढली.

“चल,” तो म्हणाला. “तुझं स्वयंपाकघर दाखव.”

२

आलीदाच्या घरात दालचिनी आणि लवंगांचा वास भिंतींत मुरलेला होता. हार्मेनने कपाटं उघडली, डबे हुंगले, पिठाच्या पिंपाच्या तळाशी हात घालून पाहिला. आलीदा हाताची घडी घालून उभी.

“तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर लाटणं घातलं असतं डोक्यात,” ती म्हणाली.

“म्हणूनच मी आलोय, दुसरा कुणी नाही. टोपलीत पुडा कुणी ठेवला?”

“ट्रेंटने. बाजारातल्या प्रत्येक टेबलाकडून एकेक वस्तू त्यानेच गोळा केली. शुक्रवारी सकाळी घरी येऊन माझ्याकडून एक पुडा घेऊन गेला. ताजा होता, गुरुवारी भाजलेला. मी म्हटलं सुद्धा, सांभाळून ने, तुकडे होतील.”

ट्रेंट कॅलोवे हा शनिवारच्या बाजाराचा व्यवस्थापक. बाहेरून आलेला, चाळिशीचा, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. म्हाताऱ्या बायांना कॉम्प्युटर जमत नाही म्हणून त्यांची लेबलंही तोच छापून द्यायचा.

“तुझीही लेबलं तोच छापतो?”

“नाहीतर कोण? आणि काय तो उशीर! या महिन्यात मी पाककृती बदलली ना. लोणी वाढवलं, साखर घटवली. आता लोणी साखरेपेक्षा जास्त झालं. म्हणजे लेबलवरचा क्रम बदलायला हवा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं. तूच तर शिकवलंस आम्हाला, चर्चच्या तळघरात, ते कंटाळवाणं भाषण देऊन.”

“कंटाळवाणं होतं?”

“तिघी झोपल्या होत्या.” तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या ओठांना जरासं हसू शिवलं. “तर बारा तारखेला, शुक्रवारी, मी ट्रेंटला सांगितलं की पीठ, मग लोणी, मग साखर असं कर. मला लेबलं मिळाली सतरा तारखेला, बुधवारी. तोवर मी भट्टी पेटवलीच नाही. चुकीचं लेबल लावून विकायचं का? आली त्याच दिवशी जुनी सगळी चुलीत घातली. गुरुवारी, अठराला, नव्या पाककृतीचा पहिला घाणा काढला.”

“तारीख कशाने घालतेस?”

तिने टेबलाच्या खणातून आकडे फिरवायचा रबरी शिक्का काढून दाखवला. कागदाच्या कुठल्याही दुकानात मिळतो तसला. लेबलच्या उजव्या कोपऱ्यात भाजल्याची तारीख उमटवायची, एवढंच त्याचं काम.

हार्मेनने सगळं वहीत टिपून घेतलं. निघताना तो दारात थांबला.

“आलीदा, खरं सांग. चूक झाली असेल तर आत्ताच सांग. मी तरीही तुझ्याच बाजूने उभा राहीन, पण मग वेगळ्या तऱ्हेने.”

तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. “माझ्या हातून रूथचा जीव जाणार असता ना, तर हा हात मी आधीच भट्टीत घातला असता.”

३

रूथ घरी आली होती. चेहऱ्याची सूज उतरली होती, पण आवाज अजून घोगरा होता. तिने हार्मेनला खुर्ची दाखवली आणि आपण खिडकीकडे तोंड करून बसली.

“तिने पाठवलं तुला?”

“मीच आलो. रूथ, तू खाण्याआधी लेबल वाचलं होतंस?”

“वाचलं होतंस म्हणजे?” ती गर्रकन वळली. “माझं अख्खं आयुष्य लेबलं वाचण्यात गेलंय. परक्याच्या हातचं तर मी पाणीसुद्धा पीत नाही. तिचं नाव होतं म्हणून खाल्लं. कळतंय का तुला? गावात एकाच बाईच्या हातचं मी डोळे मिटून खात होते.”

 रूथने रुमालाने डोळे टिपले, मग पर्समधून फोन काढला.

“आणि डोळे मिटून तरी कसलं? सवय जाते का? जे खाते त्याच्या लेबलचा आधी फोटो काढते. डॉक्टरनेच सांगितलंय तसं. हे बघ.”

फोटो लख्ख होता. पुड्याची पारदर्शक पिशवी, तिच्यावर आलीदाचं लेबल. हार्मेनने चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी नेला. पीठ, लोणी, साखर, दालचिनी, लवंग... क्रम नवा होता. मग त्याची नजर उजव्या कोपऱ्यातल्या जांभळ्या शिक्क्यावर गेली आणि तिथेच खिळली.

१४ सप्टेंबर.

“रूथ, तुझ्या भिंतीवर कॅलेंडर आहे?”

“तिकडे फ्रीजच्या बाजूला. का रे?”

हार्मेनने बोट फिरवत चौदा तारीख गाठली. लाल आकडा होता. खाली रूथच्या बारीक अक्षरात त्या सकाळी वाजवायच्या भजनांचे क्रमांक लिहिलेले होते.

“त्या दिवशी आलीदा कुठे होती, आठवतं?” त्याने विचारलं.

“कुठे म्हणजे? सकाळी माझ्या मागच्याच बाकावर. संध्याकाळी परत तिथेच. रविवारी ती...” रूथ बोलता बोलता थांबली. तिचा हात गळ्याशी गेला. “हार्मेन, रविवार देवाचा म्हणून ती चहासुद्धा उकळत नाही. आदल्या दिवशीचं सूप गार खाते.”

४

पण शिक्का चुकून फिरला असं म्हणायला कुणाला काय लागतं? हार्मेन समिती ओळखून होता. आलीदा निर्दोष आहे एवढ्याने भागणार नव्हतं. पुडा कुणी भरला, तेही सांगावं लागणार होतं.

तो आधी गेला बेरेंड डायकेमाकडे. बेरेंडची मुख्य रस्त्यावर बेकरी होती, आजोबांपासूनची. बदामाच्या सारणाच्या लांब गुंडाळ्यांसाठी नाताळात तिथे रांग लागायची. घरी भाजून विकणाऱ्या बायांवर त्याचा उघड दात होता, आणि तोच बाजाराच्या समितीचा अध्यक्ष होता.

“ये, ये, तपासनीस,” पिठाने माखलेले हात झटकत तो म्हणाला. “माझ्या काट्यात खोट काढायला आलास की आलीदाची वकिली करायला?”

“तू म्हणाला होतास ना, एक दिवस घरच्या स्वयंपाकघराने कुणीतरी मरेल म्हणून?”

“म्हणालो होतो. भर सभेत म्हणालो होतो. माझ्या भट्टीला वर्षातून दोनदा तपासणी. उंदराची लेंडी सापडली तर कुलूप. आणि या बायांनी नुसती एक ओळ छापायची, की तपासणी झालेली नाही, बघा बुवा तुमचं तुम्ही. हा काय न्याय झाला?”

“बदामाचं पीठ तुझ्याकडे पोत्याने असतं.”

बेरेंडचा चेहरा लालबुंद झाला. “म्हणजे रूथला मी मारायला निघालो होतो? माझ्या लग्नात वाजवलंय तिने!”

“गेल्याच्या आदल्या रविवारी, म्हणजे चौदा तारखेला, तुझी भट्टी सुरू होती?”

“रविवारी?” बेरेंडने असं पाहिलं की जणू हार्मेनने त्याला चर्चमध्ये शिवी दिली. “डोकं ठिकाणावर आहे ना? माझा बाप मेला त्या रविवारीही आम्ही भट्टी पेटवली नाही. मी चर्चच्या मंडळावर आहे, विसरलास?”

“नाही विसरलो,” हार्मेन म्हणाला आणि वहीत एक नाव खोडलं.

बाहेर पडताना बेरेंडचा आवाज मागून आला. “शुक्रवारी पुरावा आण. भावनेने मत देणार नाही मी. तुझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही.”

५

बाजारात आलीदाच्या शेजारी किटी मार्शचं टेबल असायचं. मध आणि भाजलेला दलिया विकायची. त्या दलियात बदाम होते, आणि पिशव्या अगदी आलीदासारख्या, कारण दोघी एकाच ठिकाणाहून मिळून मागवत. किटी दहा वर्षांपूर्वी शिकागोकडून आलेली. चर्चला जात नसे, रविवारी मधमाश्यांच्या पेट्या उघडून बसे. गावात कुजबुज तिच्याच नावाची सुरू होती.

“माहीत आहे मला लोक काय बोलतायत,” हार्मेन गाडीतून उतरतो न उतरतो तोच ती म्हणाली. “माझे बदाम उडून तिच्या पुड्यात गेले. पंख फुटले त्यांना!”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुम्ही नाही म्हटलं, तुमची वही म्हणतेय.” तिने जाळीचा बुरखा वर केला. डोळे रडून सुजलेले होते. “मिस्टर टेर्पस्ट्रा, मी इथे नवीन आले तेव्हा लेबल कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलं? आलीदाने. स्वयंपाकघरात बसवून, ओळीओळीने. तुम्हाला वाटतं मी तिच्या पोटावर पाय देईन?”

“तिची नवी लेबलं तू कधी पाहिलीस?”

“परवाच्या शनिवारी, बाजारात. वीस तारखेला. का?”

“त्याच्या आधी नाही?”

“आधी कुठून बघणार? ट्रेंटने छापून थेट तिच्या घरी दिली ना.” किटीने नाक मुरडलं. “तो सध्या हवेत आहे. तळ्याकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात कुणा श्रीमंताचं लग्न होतं ना, पाहुण्यांच्या खोल्यांत गावच्या वस्तूंच्या पिशव्या ठेवायच्या होत्या. मला म्हणाला, साठ बाटल्या मध दे, मी पोचवतो. मी म्हटलं, बाबा रे, आम्ही घरचं करणारे. आपल्या हाताने, खाणाऱ्याच्या हातात द्यायचं, मध्ये दुकान नको, हॉटेल नको. कायदाच आहे तसा. तर म्हणतो कसा, ‘आलीदा तयार झाली आहे, तुलाच काय झालंय?’”

हार्मेनची पेन्सिल थांबली.

“आलीदा तयार झाली, असं म्हणाला?”

“हो. मला नवलच वाटलं. ती तर कायद्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही.”

हार्मेनने वही मिटली, टोपी चढवली आणि गाडीकडे जवळजवळ धावतच निघाला. त्या वयात त्याला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. किटी बघतच राहिली.

“कुठे निघालात?”

“तळ्यावर,” तो ओरडला. “लग्न आटोपलं असलं तरी उरलंसुरलं काहीतरी असेलच!”

६

शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता वाचनालयाच्या खोलीत समिती बसली. पाच सभासद, अध्यक्षाच्या खुर्चीत बेरेंड. ट्रेंट फायली लावून तयार. मागच्या रांगेत किटी. कोपऱ्यात आलीदा, अ‍ॅप्रनऐवजी चर्चचा निळा पोशाख घालून, शिक्षा ऐकायला आल्यासारखी ताठ. आणि दाराशी, सगळ्यात शेवटी आलेली, गळ्याला मफलर गुंडाळलेली रूथ. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

ट्रेंटने घसा खाकरला. “मला फार वाईट वाटतंय. आलीदा मला आईसारखी आहे. पण बाजाराच्या नावाचा प्रश्न आहे. वय झालं की चुका होतात...”

“दोन मिनिटं,” हार्मेन उभा राहिला. “माझंही वय झालंय, तेव्हा सावकाश सांगतो. रूथ, तो फोटो बेरेंडला दे.”

फोन हातोहात अध्यक्षाकडे गेला.

“तारीख वाच.”

“चौदा सप्टेंबर,” बेरेंड म्हणाला. मग त्याच्या भुवया वर गेल्या. “रविवार?”

“रविवार. आता या खोलीतल्या कुणाही आपल्या चर्चच्या माणसाने आलीदाच्या नावाने खोटा पुडा करायचं ठरवलं असतं, तर त्याने हजार तारखा घातल्या असत्या, रविवारची घातली नसती. तुला पाहताक्षणी खटकलं, तसं त्याला खटकलं असतं. म्हणजे हा शिक्का मारणाऱ्याला रविवार आणि मंगळवार सारखेच.”

सगळ्यांच्या माना किटीकडे वळल्या. किटीने ओठ घट्ट मिटले.

“थांबा,” हार्मेन म्हणाला. “घाई नको. अजून वाच, बेरेंड. त्यात काय काय घातलंय ते.”

“पीठ, लोणी, साखर...”

“लोणी आधी, साखर नंतर. हे नवं लेबल आहे. आलीदाला ही लेबलं मिळाली सतरा तारखेला. त्याआधी तिच्याकडे होती त्यांवर साखर आधी, लोणी नंतर. म्हणजे चौदा तारखेचा शिक्का आणि हे लेबल एकत्र येऊच शकत नाहीत. बाजारात हे लेबल लोकांना पहिल्यांदा दिसलं वीस तारखेला, आणि त्यावर आधीच अठराचा शिक्का बसलेला होता. कुणी पुड्यावरून सोलून घेतलं असतं तरी त्यावर अठराच असते. किटीला कोरं लेबल कुठून मिळणार? कोरी नवी लेबलं अख्ख्या जगात दोनच ठिकाणी होती. एक आलीदाचा खण. आणि दुसरं...”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. छापणाऱ्याकडे बघायला कुणाला सांगावं लागलं नाही.

ट्रेंट हसला, पण हसू एका बाजूला घसरलं. “अहो, म्हातारीने शिक्का चुकीचा फिरवला असेल. अठराच्या जागी चौदा. एवढ्याशा आकड्यावरून तुम्ही मला...”

“मीही तेच म्हणालो स्वतःला,” हार्मेन शांतपणे म्हणाला. “एक पुडा असता तर मानलंही असतं.”

त्याने खुर्चीखालून कागदी पिशवी वर घेतली आणि बेरेंडच्या पुढ्यात एकामागून एक तीन पुडे मांडले. आलीदाचं नाव. लोणी आधी. कोपऱ्यात जांभळा शिक्का, तिन्हींवर चौदा.

“तळ्याकाठच्या हॉटेलातून आणले. लग्नाच्या पाहुण्यांसाठी साठ आले होते, हे तीन उरले. खोल्या लावणाऱ्या बाईंनी जपून ठेवले होते, आणि कुणी पोचवले तेही सांगितलं. मंगळवारी, सोळा तारखेला. आलीदाच्या हातात लेबलं पडायच्या एक दिवस आधी.”

 बेरेंडने एक पुडा फोडला, बिस्किट मोडलं, हुंगलं, जिभेच्या टोकावर ठेवलं.

“बदाम,” तो म्हणाला. “आणि शिळं. हे घरी केलेलं नाहीच, कारखान्यातलं आहे. चाळीस वर्षं पीठ मळतोय मी, मला नका शिकवू.” मग त्याने मान वर केली. “बोल, ट्रेंट.”

ट्रेंटच्या हातातली फाइल खाली पडली. तो उचलायला वाकला नाही.

“मी हॉटेलला शब्द दिला होता,” तो पुटपुटला. “आलीदा नाही म्हणाली. साफ नाही म्हणाली. मग मी शहरातून सुटी बिस्किटं आणली, तिच्यासारखीच दिसणारी. लेबलं माझ्याकडे होतीच. रविवारची ताजी वाटावीत म्हणून... कुणाचं वाईट करायचं नव्हतं मला.”

“आणि टोपलीत कसा गेला तो पुडा?” हे विचारलं रूथने. घोगऱ्या आवाजात, दारातूनच. “तिने तुला शुक्रवारी खरा पुडा दिला होता ना?”

ट्रेंटची मान आणखी खाली गेली. “गाडीत वास सुटला होता. मी एक खाल्लं. मग... सगळाच संपला. मागच्या सीटवर हॉटेलचा एक जादा पुडा होता. मी तो टोपलीत टाकला.”

मागून किटी फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला.

“खोक्यावर बदाम लिहिलं नव्हतं का रे?” हार्मेनने विचारलं.

“असेल. मी वाचलं नाही.”

“वाचायचं असतं, बाळा. म्हणून तर छापतात.” हार्मेनचा आवाज पहिल्यांदाच चढला. “खाल्लंस ते खाल्लंस. पण रूथ दवाखान्यात पडली तेव्हाच तुला कळलं होतं की पुडा कुणाचा. आणि तू आलीदाला फोन करून सांगितलंस, बाजारात येऊ नकोस म्हणून. पाच दिवस एका बाईला तिच्या मैत्रिणीच्या मरणाचा विचार करत ठेवलंस. वर तिच्या वयावर घसरलास.”

 बेरेंडने हात पुढे केला. “कचेरीच्या किल्ल्या. आणि बाहेर बस. आरोग्य खात्याच्या माणसाला मी बोलावतोय, त्याला हे सगळं पुन्हा सांगायचंय तुला.”

किल्ल्या टेबलावर पडल्या. बेरेंड उठून आलीदासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्यासारख्या माणसाला माफी मागणं म्हणजे दात काढून घेण्यासारखं.

“तुमच्या घरच्या भट्ट्यांविषयी माझं मत बदललेलं नाही,” तो म्हणाला. “पण तुझ्या भट्टीविषयी मी गप्प बसायला हवं होतं. उद्या टेबल लाव. सगळ्यात पुढचं. माझ्या पावाच्या गाडीच्याही पुढे.”

आलीदाने मान डोलावली. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती दाराकडे बघत होती. पण दार उघडं होतं आणि रूथ निघून गेली होती.

७

शनिवारी आकाश निरभ्र होतं, तळ्यावरून गार वारा येत होता. बातमी गावभर आदल्या संध्याकाळीच पसरली होती. आठला बाजार उघडायचा, तर साडेसातलाच आलीदाच्या टेबलापासून रांग सुरू झाली ती पार अग्निशामक दलाच्या कोपऱ्यापर्यंत. आलीदाने ऐंशी पुडे आणले होते. किटी आपलं टेबल सोडून तिच्या पिशव्या उघडायला उभी. हार्मेन काट्याशी, प्रत्येक दहावा पुडा उगाचच वजन करून बघत.

“भरतंय का?” आलीदाने विचारलं.

“थोडं जास्तच देतेस. लेबलवर दहा औंस आणि आत साडेदहा. कायद्याने गुन्हा नाही, पण मूर्खपणा आहे.”

लोक हसले. पण आलीदाचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. ती सारखी रांगेवरून नजर फिरवत होती.

आठचे टोल पडले तरी पहिल्या माणसाने पाऊल पुढे टाकलं नाही. उलट रांगच दुभंगली. मधून रूथ येत होती. गळ्यात मफलर, पर्स काखेला, चाल ऑर्गनकडे जातानाची, सावकाश आणि ठाम. ती टेबलाशी थांबली. एक पुडा उचलला. चष्मा लावला आणि अख्ख्या बाजारासमोर लेबल मोठ्याने वाचलं. पीठ, लोणी, साखर, दालचिनी, लवंग. नाव. पत्ता. वजन. तारीख, पंचवीस सप्टेंबर.

“गुरुवार,” ती म्हणाली.

“गुरुवार,” आलीदा कशीबशी म्हणाली. “मी भाजली खरी, पण विकायला मिळतील असं वाटलं नव्हतं.”

“मग भाजलीस कशाला?”

“तू येशील म्हणून.”

रूथने पुडा फोडला. रांगेतून कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. हार्मेन काटा सोडून एक पाऊल पुढे आला. रूथने त्याला हाताने थांबवलं, बिस्किट काढलं आणि पवनचक्कीचं अर्धं पातं दाताने मोडलं. चावलं. गिळलं. सगळा बाजार श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होता.

“साखर कमी केलीस ती बरी केलीस,” ती म्हणाली. “पण फोन न घेतल्याबद्दल मला आणखी चार पुडे घ्यावे लागतील, असं दिसतंय.”

आलीदा टेबलाला वळसा घालून बाहेर आली आणि दोघी एकमेकींना घट्ट बिलगल्या. रांगेतल्या लोकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की बेरेंड हातातला पाव तसाच धरून गाडीबाहेर बघायला आला. मग तोही मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पावणेनऊला ऐंशीच्या ऐंशी पुडे संपले.